सर विल्यम ग्रोव्ह : वायूंतून वीज काढणारे न्यायाधीश

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत, २८ व्या तारखेस, आपल्या देशांत बांधिलेल्या एका नव्या तऱ्हेच्या प्रवासी होडीचें उद्घाटन झालें. ती कोचीन येथील जहाजांच्या कारखान्यांत तयार झाली, व तिला वीज पुरविणारा घट पुण्याच्या केपीआयटी नांवाच्या कंपनीनें तयार केला. तींत डिझेल जळत नाहीं. टांक्यांत हायड्रोजन वायु भरलेला असतो. तो हवेंतील प्राणवायूशीं त्या घटांत मिळतो, त्या मिळण्यांतून वीज निघते, आणि मागें केवळ पाणी उरतें. मांडव्याहून किंवा रेवसाहून मुंबईकडे लाँचनें जाणारे आमचे वाचक डिझेलचा धूर व यंत्राची धडधड ह्यांस इतके सरावले आहेत कीं, त्यांस ही गोष्ट नवलाची वाटेल. पण अधिक नवल हें कीं, ही युक्ति मुळीं नवी नाहीं. ती पावणेदोनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं सांपडली, आणि ज्यांस ती सांपडली ते धंद्यानें वकील होते व पुढें न्यायाधीश झाले.

विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह ह्यांचा जन्म ता. ११ जुलै १८११ रोजीं वेल्स प्रांतांतील स्वॉन्सी ह्या बंदरीं झाला. स्वॉन्सी हें त्या काळीं तांबें गाळण्याचें जगांतील एक प्रमुख ठिकाण होतें. भोंवतालीं दगडी कोळशाच्या खाणी, बंदरांत कच्च्या धातूनें भरलेलीं जहाजें, आणि शहरावर भट्ट्यांचा धूर, अशा ठिकाणीं हा मुलगा वाढला. वडील जॉन ग्रोव्ह हे तेथील मॅजिस्ट्रेट असून घरची स्थिति चांगली होती. विल्यम हे त्यांचें एकुलतें एक अपत्य. प्रथम घरीं शिक्षक ठेवून त्यांचें शिक्षण झालें, मग ते ऑक्सफर्ड येथील ब्रेझनोज कॉलेजांत गेले व १८३२ सालीं पदवीधर झाले. तेथें त्या वेळीं प्राचीन भाषांचा अभ्यास मुख्य होता. रसायनशास्त्र व विद्युत्शास्त्र ह्यांची गोडी त्यांस बहुतेक स्वतःच्याच प्रयत्नानें लागली. १८३५ सालीं त्यांनीं वकिलीची सनद घेतली. पण प्रकृति वारंवार बिघडूं लागली, आणि कोर्टाचें काम कांहीं काळ बाजूस ठेवणें भाग पडलें. १८३७ सालीं त्यांचा विवाह एमा पाउल्स ह्या बाईंशीं झाला, व पतिपत्नी युरोपखंडांत प्रवासास निघालीं. ह्या सक्तीच्या विश्रांतीच्या दिवसांतच ग्रोव्हसाहेबांचें मन विजेच्या प्रयोगांत रमलें.

त्या प्रयोगांचें महत्त्व समजण्यास त्या वेळची स्थिति ध्यानांत आणली पाहिजे. आज गांवोगांवीं खांबांवरून तारा आल्या आहेत. तेव्हां वीज मिळविण्याचा मार्ग म्हणजे बहुतेक घट हाच होता. दोन निराळ्या धातु अम्लांत ठेवाव्या व तारेनें जोडाव्या, म्हणजे तारेंतून वीज वाहते. मात्र हे घट लवकर मंद पडत. ग्रोव्हसाहेबांनीं १८३९ सालीं ह्यावर एक जोरदार तोड काढली. सौम्य गंधकाम्लांत जस्त, आणि मातीच्या सच्छिद्र भांड्यांत भरलेल्या तीव्र नत्राम्लांत प्लॅटिनम, अशी त्या घटाची रचना होती. त्याचा दाब जवळजवळ दोन व्होल्ट भरे, व प्रवाह मोठा येई. पॅरिसच्या शास्त्रीय सभेपुढें त्यांनीं तो मांडिला, आणि त्यांचें नांव एकदम सर्वत्र झालें. अमेरिकेंत तारायंत्रें सुरू झालीं तेव्हां कित्येक वर्षें हाच घट तेथील तारांस वीज पुरवीत असे. त्यांत दोन खोडी होत्या. एक, नत्राम्लांतून विषारी तांबूस वाफ निघून खोली भरे, व जवळ काम करणाऱ्यांच्या छातीस तिचा त्रास होई. दुसरी, प्लॅटिनम महाग. जर्मनींतील बुन्सेन नांवाच्या रसायनशास्त्र्यानें १८४१ सालीं प्लॅटिनमच्या जागीं कोळशाची कांडी घालून हा दुसरा दोष काढून टाकिला. महाग धातूच्या जागीं स्वस्त वस्तु बसविण्याची ही धडपड तेव्हांपासून जी सुरू झाली ती आजहि संपलेली नाहीं.

येथें प्लॅटिनमविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. सोनाराच्या दुकानीं ज्यास पांढरें सोनें म्हणतात तें प्लॅटिनम नव्हे. तें सोन्यांत दुसरी धातु मिसळून केलेलें असतें. प्लॅटिनम ही निराळी मूळ धातु आहे. ती सोन्याहून जड, वितळण्यास फार कठीण, आणि एकट्या नत्राम्लाला दाद न देणारी आहे. रुपें ज्या तेजाबांत विरघळून जातें त्यांत प्लॅटिनमचा तुकडा वर्षभर ठेविला तरी जसाच्या तसा राहील. ह्याहून चमत्कारिक असा तिचा एक गुण ग्रोव्हसाहेबांच्या आधींच लोकांस कळला होता. १८१७ सालीं डेव्ही ह्या इंग्रज शास्त्र्यास असें दिसलें कीं, जळणारा वायु व हवा ह्यांच्या मिश्रणांत तापलेली प्लॅटिनमची तार धरिली तर ज्वाळा नसतांहि ती लाल राहते. १८२३ सालीं जर्मनींतील येना येथें डोबरायनर ह्यांनीं हायड्रोजनची धार हवेंत प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर सोडिली, तों आगकाडीवांचून तो वायु पेटला. धातु मात्र झिजली नाहीं. जें स्वतः खर्च न होतां दुसऱ्यांचा संयोग घडवून आणतें त्यास आतां उत्प्रेरक म्हणतात. गांवांत लग्न जुळविणारा मध्यस्थ असतो; दोन्ही घरें त्याच्यामुळें एकत्र येतात, पण तो स्वतः कोणत्याच घरचा होत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तिसरें लग्न जुळविण्यास मोकळा असतो. प्लॅटिनमचें काम तसें आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. पाण्यांतून वीज सोडिली असतां पाणी फुटतें, एका टोंकाशीं हायड्रोजन व दुसऱ्या टोंकाशीं प्राणवायु जमतो, हें १८०० सालापासून ठाऊक होतें. ग्रोव्हसाहेबांच्या मनांत उलट प्रश्न आला. वीज खर्चून पाण्याचे दोन वायु होतात, तर ते दोन वायु पुन्हां पाणी होतांना खर्चिलेली वीज परत देतील काय? १८३८ सालच्या अखेरीस त्यांनीं दोन कांचेच्या नळ्या घेतल्या. प्रत्येकींत प्लॅटिनमची पट्टी घातली. एका नळींत हायड्रोजन, दुसरींत प्राणवायु भरून दोन्ही नळ्या सौम्य गंधकाम्लांत पालथ्या ठेविल्या, व पट्ट्या तारेनें वीजमापकाच्या सुईस जोडिल्या. सुई हलली, व हललेलीच राहिली. नळ्यांत हळूहळू पाणी चढूं लागलें, म्हणजे वायु खर्च होत होते. ही हकीकत १८३९ च्या फेब्रुवारींत एका मासिकांत छापली गेली. त्याच्या आदल्याच महिन्यांत त्याच मासिकांत स्वित्झर्लंडांतील बाझल येथील प्रोफेसर शोनबाइन ह्यांचा ह्याच विषयाशीं लागून असलेला लेख आला होता. अशा प्रसंगीं श्रेयाबद्दल भांडणें होतात हें शास्त्रांच्या इतिहासांत पदोपदीं दिसतें. ह्या दोघांची मात्र त्याच वर्षीं बर्मिंगहॅम येथें गांठ पडली व स्नेह जुळला. पुढें कित्येक वर्षें त्यांचा पत्रव्यवहार चालू होता.

पुढें १८४१ सालीं लंडन इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत ग्रोव्हसाहेबांस प्रोफेसराची जागा मिळाली, आणि १८४२ सालीं त्यांनीं त्या पहिल्या प्रयोगास मोठें रूप दिलें. अशा नळ्यांच्या पन्नास जोड्या एकापुढें एक जोडिल्या. पट्ट्या पाव इंच रुंदीच्या होत्या, व त्यांवर प्लॅटिनमचीच काळी, अत्यंत बारीक भुकटी बसविली होती. पांच माणसें हातांत हात धरून उभीं राहिलीं असतां पांचांसहि धक्का जाणवला. कोळशाच्या दोन टोंकांमध्यें ठिणगी पडली. आणि ह्या घटमालेच्या विजेनें दुसऱ्या भांड्यांतील पाणी फुटून त्याचे हायड्रोजन व प्राणवायु झाले. एकीकडे वायूंचें पाणी होत होतें, आणि त्याच जोरावर दुसरीकडे पाण्याचे वायु होत होते. नळ्यांत पाणी चढलें तें हायड्रोजनच्या बाजूस प्राणवायूच्या दुप्पट, कारण पाण्यांत ह्या दोहोंचें प्रमाणच तसें आहे. वाचकहो, ह्या दुप्पट चढलेल्या पाण्याकडे नीट लक्ष द्या. केवळ सुई हलण्यावर भरंवसा ठेवणारास कोणी म्हणूं शकला असता कीं, वीज दुसऱ्या कशांतून तरी आली असेल. त्या मापानें ती शंका मिटविली.

मग काळी भुकटी कशासाठीं? हेंच ह्या सर्व विषयाचें मर्म आहे. ग्रोव्हसाहेबांच्या लक्षांत आलें होतें कीं, पट्टी संपूर्ण वायूंत असेल तर वीज नाहीं, संपूर्ण अम्लांत बुडाली तरीहि जवळजवळ नाहीं. जेथें वायु, अम्ल व धातु हीं तिन्ही एकत्र भेटतात तेवढ्याच रेषेवर काम होतें. आमच्या किनाऱ्यावर कालवें खडकाच्या सर्व अंगास धरीत नाहींत. जेथें भरतीचें पाणी येतें व ओहोटीस हवा लागते त्याच पट्ट्यांत धरितात. प्लॅटिनमवरील हा पट्टा केसासारखा बारीक असतो. गुळगुळीत पट्टीवर तो थोडा. पण पट्टी बारीक भुकटीनें खरखरीत केली म्हणजे तीच रेषा हजार वळणें घेऊन लांब होते. कमी धातूंत अधिक कार्यस्थळ कसें मिळवावें हा प्रश्न त्यांनीं १८४२ सालीं ओळखिला, आणि आजचे शास्त्रज्ञ त्याच प्रश्नाशीं झगडत आहेत.

त्यांच्या घटाची वीज मात्र फारच थोडी होती. दिवा लावावा किंवा यंत्र चालवावें इतकी ती नव्हती. म्हणून कित्येकांनीं ती कल्पना खेळणें म्हणून बाजूस टाकिली. त्यांनीं स्वतःहि तिचा व्यापार केला नाहीं. त्यांचें लक्ष दुसऱ्या मोठ्या विचाराकडे वळलें होतें. उष्णता, प्रकाश, वीज, लोहचुंबकाची शक्ति, रासायनिक आकर्षण व गति हीं सर्व एकमेकांत पालटतां येतात, असें त्यांनीं १८४२ च्या आरंभीं व्याख्यानांत मांडिलें व १८४६ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. ह्या पुस्तकाच्या १८७४ पर्यंत सहा आवृत्त्या निघाल्या. शक्तीच्या अविनाशित्वाचा सिद्धांत जूल, मायर व हेल्महोल्ट्झ ह्यांनीं मापांनीं पक्का केला, आणि मुख्य मान त्यांचाच. ग्रोव्हसाहेबांपाशीं त्यांच्यासारखें गणित नव्हतें. पण वाट दाखविणारांत त्यांची गणना होते. १८४६ सालींच त्यांनीं दाखविलें कीं, पांढरी होईपर्यंत तापविलेली प्लॅटिनम वाफेंत धरिली तर वाफ फुटून तिचे दोन वायु होतात. जी धातु थंड असतांना त्या दोघांस जोडते तीच अतिशय तापली म्हणजे त्यांच्या ताटातुटीचें स्थान होते, हें पाहून त्या काळचे पुष्कळ विद्वान् चकित झाले. १८४७ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें पदक दिलें.

कोळशाच्या खाणींजवळ वाढलेल्या ह्या गृहस्थांस खाणींतील कामकऱ्यांचा विसर पडला नव्हता. खाणींत भरलेला जळका वायु उघड्या दिव्यानें पेटून माणसें मरत. ग्रोव्हसाहेबांनीं प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें पालथ्या पेल्याखालीं ठेवून विजेनें तांबडेंलाल केलें व त्याच्या उजेडांत वाचून पाहिलें. १८४५ सालीं त्यांनीं हा दिवा खाणींकरितां सुचविला. त्या काळच्या घटांच्या खर्चानें तो खाणींत पोहोंचला नाहीं. एडिसनच्या दिव्यास अजून चौतीस वर्षें अवकाश होता.

रॉयल सोसायटीचें नांव आलें आहे म्हणून तिच्याविषयीं सांगणें प्राप्त आहे. इंग्लंडांतील शास्त्रज्ञांची ही सर्वांत जुनी व मानाची सभा. ग्रोव्हसाहेब १८४० सालीं तिचे सभासद झाले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८४१ सालीं, माझगांवच्या गोदींत वाढलेले आमचे अर्देसर कर्सेटजी वाडिया हे तिचे पहिले हिंदी सभासद झाले; आगबोटींच्या यंत्रांत त्यांनीं नांव मिळविलें होतें. परंतु एकंदरींत त्या सभेंत शास्त्र जाणणारांपेक्षां कुळानें व पैशानें मोठे असे लोक फार भरले होते. ग्रोव्हसाहेबांस हें खपलें नाहीं. विद्येच्या सभेंत जागा विद्येनेंच मिळावी, बापाच्या जमिनीनें मिळूं नये, ह्यासाठीं त्यांनीं सोबत्यांसह खटपट केली, वैर पत्करिलें, आणि १८४७ सालीं नियम बदलून घेतले. तेव्हांपासून वर्षास पंधराच सभासद निवडावे, व ते त्यांच्या कामावरून निवडावे, असें ठरलें. जन्मावरून माणसाची जागा ठरविण्याचा रोग केवळ आमच्याच देशांत होता असें नाहीं, हें ह्यावरून दिसेल.

१८४६ सालीं त्यांनीं प्रोफेसरी सोडली. संसार वाढत होता, आणि शास्त्राच्या कामावर कुटुंब पोसेल इतकें वेतन इंग्लंडांत थोड्यांसच मिळे. १८४३ सालींच त्यांनीं एका मासिकांत ह्या दुरवस्थेविषयीं कडक शब्दांत लिहिलें होतें. तेव्हां ते पुन्हां वकिलीकडे वळले. १८५३ सालीं त्यांस राणीचे वकील हा मान मिळाला. १८५६ सालीं विल्यम पामर नांवाच्या डॉक्टरावर विषप्रयोगानें खून केल्याचा खटला झाला, तेव्हां आरोपीच्या बाजूच्या वकिलांत ग्रोव्हसाहेब होते. विष स्ट्रिकनीनचें, म्हणजे आमच्या कोंकणांतील काजऱ्याच्या बियांत असतें तेंच, असें सरकारचें म्हणणें होतें. पण मृताच्या शरीरांत तें रासायनिक परीक्षेस सांपडलें नव्हतें. रसायन जाणणारा वकील तेथें हवा होता हें उघड आहे. तरी पंचांनीं पामरास दोषी ठरविलें व त्यास फांशी झाली. पुढें पेटंटच्या खटल्यांत ग्रोव्हसाहेबांस मोठी मागणी असे. १८७१ सालीं ते न्यायाधीश झाले व दुसऱ्या वर्षीं त्यांस सर हा किताब मिळाला. ते न्यायासनावर बसले असतां एखादें नवें यंत्र पुढें आलें म्हणजे निकालाऐवजीं त्यांत सुधारणा सुचवूं लागत, असें सांगतात. मोठे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचें जें नांव आहे तसें न्यायाधीश म्हणून नाहीं. शास्त्रावर प्रेम आणि पोटासाठीं कायदा, अशी त्यांच्या आयुष्याची विभागणी झाली, आणि ह्यांत शास्त्राचें नुकसान झालें असें आमचें मत आहे. १८६६ सालीं नॉटिंगहॅम येथें ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदाचा मान मात्र वकिली करीत असतांनाच त्यांस मिळाला.

१८८७ सालीं ते निवृत्त झाले व पुन्हां प्रयोगांकडे वळले. १८८९ सालीं लुडविग मोंड व कार्ल लँगर ह्या दोघांनीं त्यांचा जुना वायुघट हातीं घेऊन सुधारला. अम्ल सच्छिद्र पत्र्यांत मुरवून त्यावर भोंके पाडलेला प्लॅटिनमचा पातळ पत्रा व काळी भुकटी बसविली. प्रवाह पुष्कळ वाढला. परंतु त्यांस दगडी कोळशाच्या वायूंतून हायड्रोजन घ्यावयाचा होता, व त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. बंद खोलींत शेगडी ठेवून निजणारास जो मारतो तोच हा वायु. तो प्लॅटिनमलाहि मारतो: तिच्या अंगास असा घट्ट चिकटतो कीं, हायड्रोजनास जागाच राहत नाहीं. त्यांत प्लॅटिनमची किंमत. म्हणून तोहि प्रयत्न थांबला. सर विल्यम ग्रोव्ह ह्यांनीं हें सर्व आपल्या हयातींत पाहिलें. ता. १ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडन येथें, वयाच्या ८५ व्या वर्षीं, ते मरण पावले.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९५९ सालीं फ्रान्सिस बेकन ह्या इंग्रज इंजिनियरानें क्षार व निकेल वापरून पांच किलोवॅटचा घट चालवून दाखविला. अमेरिकेचे चंद्रावर गेलेले लोक त्याच जातीच्या घटांची वीज वापरीत व त्यांतून निघालेलें पाणी पीत. १९६५ सालीं जेमिनी यानांत पातळ पडद्याचा व प्लॅटिनमचा घट गेला, आणि मोटारी व होड्या ह्यांस हल्लीं जो लावितात तो ह्याच वंशाचा. तो ६० ते ८० अंश उष्णतेवर, म्हणजे चहाच्या पाण्याहूनहि कमी उष्णतेवर, चालतो. भट्टीसारखी उष्णता असती तर स्वस्त धातूंनींहि काम झालें असतें. येथें उष्णतेची मदत नाहीं, आणि पडदा अम्लधर्मी असल्यामुळें लोखंड व निकेल त्यांत विरघळूं लागतात. प्लॅटिनम टिकते, आणि वायूस धरिते तेंहि फार घट्ट नाहीं व फार सैल नाहीं. हायड्रोजनची बाजू सोपी आहे. प्राणवायूचा जोड सोडविणें कठीण, म्हणून बहुतेक प्लॅटिनम त्या बाजूस लागते. एका मोटारीस दोन-तीन तोळे लागत असत, व तें प्रमाण घटविण्याची खटपट चालू आहे. धातूचे कण कोळशाच्या भुकटीवर इतके बारीक बसवितात कीं, एका मिलिमीटरांत ते दोन-तीन लाख मावतील. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत ह्या घटांवर काम झालें आहे, व तिच्या सहकार्यानें केपीआयटीनें केलेली मोटार १९२० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरांत, चालवून पाहण्यांत आली.

प्लॅटिनम आमच्या जिल्ह्यास अगदींच परकी नाहीं. तळोज्यास नत्राम्लाचा मोठा कारखाना आहे, आणि अमोनियापासून तें अम्ल करण्याच्या रीतींत प्लॅटिनम व ऱ्होडियम ह्यांची विणलेली जाळी हेंच मुख्य साधन असतें. हायड्रोजनहि परका नाहीं: अलिबागेजवळ थळ येथील खताच्या कारखान्यांत तो नैसर्गिक वायूपासून मोठ्या प्रमाणांत होतो व अमोनिया करण्यांत खर्च होतो. तेथेंहि कार्बन मोनॉक्साइड काढून टाकावा लागतो, कारण तो अमोनियाच्या लोखंडी उत्प्रेरकालाहि विषच आहे. होडीच्या घटासाठीं तर हायड्रोजन त्याहूनहि शुद्ध हवा. दहा लाख भागांत त्या वायूचे दहा भाग आले तरी प्लॅटिनम मंद पडूं लागते. रुथेनियम नांवाची दुसरी मोलाची धातु तिच्यांत मिसळली म्हणजे ती थोडें अधिक सोसते.